ठसका आणि बंद वेस

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजांना शिक्के मारायची हौस होती आणि प्रजेला शिक्क्याचे हुकूम पाळायची सवय होती.

असाच एक राजा होता. मनाने चांगला, पण भारी उतावळा. त्याच्या राज्यात लोकांनी निवडलेली एक सभा होती. कोणताही नवा नियम आधी सभेपुढे ठेवायचा, अशी रीत होती.

एकदा आसपासच्या राज्यांत तापाची साथ येऊन गेली. पुष्कळ माणसं दगावली. तेव्हा सगळे राजे एकत्र जमले. साथ आली तर एकमेकांना कळवायचं, वैद्य पाठवायचे, असं ठरलं. विचार उत्तम होता. मग जेवणं झाली, श्रीखंड झालं, आणि डुलक्या घेता घेता करारात आणखी बरीच कलमं शिरली. आपल्या राजाने झोकात शिक्का मारला.

सभेच्या प्रमुख सगुणाबाई म्हणाल्या, "महाराज, करार एकदा सभेत वाचून दाखवा."

"अहो, लोकांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. त्यात विचारायचं काय?"

"ज्यांनी पाळायचा, त्यांनी ऐकायला नको?"

"सवडीने बघू," म्हणून राजा शिकारीला निघून गेला.

त्याच दिवशी दूरच्या एका राजाला लाडू खाताना ठसका लागला. करारात लिहिलं होतं, कोणताही राजा खोकला की सगळ्या राज्यांच्या वेशी बंद! तिथला नगारा वाजला. तो ऐकून पुढच्या राज्यातला वाजला. बघता बघता आपल्याही राज्याची वेस बंद झाली. भाजीवाले बाहेर, गिऱ्हाइकं आत. नवरदेव बाहेर, नवरी आत. एक सुईण बाहेर आणि तिची वाट पाहणारी अडलेली बाई आत.

तेवढ्यात राजा परतला. "दार उघड!"

"माफी असावी, महाराज," आतून पहारेकरी म्हणाला. "बाहेरून येणाऱ्याने आधी वेशीबाहेरच्या गोठ्यात राहून कडुनिंबाचा काढा प्यायचा."

"अरे, मी राजा आहे!"

"राजाला सूट असल्याचं करारात कुठे दिसलं नाही. मी फार शोधलं."

गोठ्यात सुईण संतापून येरझाऱ्या घालत होती. शिकारीच्या वेशातल्या राजाला तिने ओळखलं नाही. "तिकडे एक पोर अडलीय! कोणत्या शहाण्याने हे ठरवलं?"

बोलावं लागू नये म्हणून राजाने काढ्याचा पेला घाईघाईने तोंडाला लावला. पण मग त्याला राहवेना. तो वेशीच्या भिंतीशी जाऊन ओरडला, "सगुणाबाई, सभा भरवा!"

वेशीच्या आतच सभा बसली. एक तरुण सभासद गरजला, "जाळून टाका तो करार!"

"आणि उद्या खरी साथ आली तर?" सगुणाबाई म्हणाल्या. "ताप काही वेस बघून थांबत नाही. चांगलं ते ठेवू, वेडगळ ते काढू. वैद्यांनी रोग ओळखला तरच वेस बंद करायची. वैद्य आणि सुईण यांना कधीच अडवायचं नाही."

"कबूल! कबूल!" बाहेरून राजाचा आवाज आला.

वेस उघडली. सगळ्यांत आधी सुईण धावली. दिवे लागायच्या वेळी बाळ रडल्याचा आवाज आला, तेव्हा राजाने कपाळावरचा घाम पुसला.

आपापल्या वेशीबाहेर अडकून, काढा पिऊन तोंड कडू झालेल्या बाकीच्या राजांनीही हा बदल आनंदाने मान्य केला. पुढे खरोखरच साथ आली. निरोप वेळेवर पोचला, वेशी बंद झाल्या, आणि कोणी कुरकुर केली नाही. कारण वेस का बंद आहे, हे सभेमुळे घरोघरी ठाऊक होतं.

तात्पर्य : जो करार सगळ्यांनी पाळायचा, तो शिक्का बसण्याआधी सगळ्यांच्या प्रतिनिधींनी तपासायला हवा.