सोनकीचा धबधबा

फार फार पूर्वी, जंगलात बैलगाडीची वाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एका वाडीपासून दीड दिवसाच्या वाटेवर एक धबधबा होता. खाली उभं राहून पाहिलं तर मान अवघडावी, एवढा उंच. शेजारच्या कड्याला आग्यामोहोळं लागत आणि वाडीतला नवशा दरसाल तिथे मध काढायला जाई.

त्याची बायको सोनकी. तिचं आयुष्यात एकच मागणं. "अवो, मला एकदा तेवढा धबधबा दावा की."

"मधाला जाताना बाई न्यायची नसते," नवशा म्हणे.

वाडीची तशी रीत होती खरी, पण ती मधापुरती. पावसाळा सरला की लोक बायकापोरांना घेऊन खुशाल धबधब्यावर जात. या पठ्ठ्याने मात्र ती रीत बारमाही करून टाकली. वर म्हणे, "पाणीच ते. वरून खाली पडतं. त्यात बघायचं काय?" आता असल्या माणसापुढे कुणी डोकं फोडावं?

तो परतला की सोनकी विचारी, "आवाज केवढा येतो? तुषार कुठवर उडतात?" तो जेवता जेवता नुसतं हूं हूं करी. अशी वीस वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात सोनकीने अंथरूण धरलं. वैदूने हात टेकले. तेव्हा कुठे नवशाचं काळीज हललं. त्याने पाठीला मोठी पाटी बांधली, तीत तिला बसवलं आणि तो निघाला. ती इतकी हलकी झाली होती की त्याला रडू आलं.

"आलं का?" ती वाटभर विचारत राहिली.

"आलंच," तो म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुरून घोंघावणं कानी आलं. "ऐकू येतंय," सोनकी पुटपुटली. मग तिने काही विचारलं नाही. डोळा लागला असेल, असं त्याला वाटलं. शेवटची उतरण तो धापा टाकत धावतच उतरला, पाटी खाली ठेवली आणि तिचं तोंड पाण्याकडे वळवलं.

"सोनके, बघ."

सोनकीचं अंग गार पडलं होतं.

नवशाने मान वर केली. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तो धबधबा डोळे भरून पाहिला. फार देखणा होता. तो देखणेपणा त्याला सोसवेना.

पुढे तो तिकडे कधीच फिरकला नाही. झोपडीत बसून पाणी कसं कोसळतं, तुषार कुठवर उडतात, हे तो मोठ्याने सांगत राही. ऐकायला कुणी नसे.

म्हणून लहानथोरांनो, डोंगर जागचा हलत नाही, तसं आपलं माणूसही कायम राहील, असं कधी धरून चालू नये.