घोडीच्या मापाची पेटी

डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या एका जंगलात एक तांबूस घोडी राहत असे. तिचा बाणा मोठा होता. चालताना तिची मान खाली गेलेली कोणी कधी पाहिली नव्हती. दर उन्हाळ्यात जंगलातला ओढा आटू लागला, की गवत खाणारे सारे प्राणी घाट चढून वरच्या पठारावर जात. तिथल्या तळ्याला बारा महिने पाणी असे. या वाटेवर घोडी दरवर्षी सर्वांच्या पुढे असायची.

पण मुलांनो, त्या वर्षी निघायच्या चारच दिवस आधी तिच्या पुढच्या डाव्या खुरात एक धारदार खडा रुतला. खडा निघाला, पण पाय सुजला. अस्वल वैद्यबुवांनी पाला ठेचून बांधला आणि बजावले, "दोन महिने घाट चढायचा नाही. चढलीस, तर हा पाय कायमचा गेला म्हणून समज."

ओढ्यात तर आता एका डोहापुरतेच पाणी उरले होते. घोडीने मन घट्ट केले आणि आपल्या शिंगराला हरणांच्या कळपाबरोबर पुढे पाठवायचे ठरवले. शिंगरू काही केल्या निघेना.

"तू कधी येशील?" ते पुन्हा पुन्हा विचारू लागले.

"डोह आटायच्या आत," घोडी म्हणाली. "मी एकदा सांगितलं की करतेच, ठाऊक आहे ना तुला?"

शिंगराला ते ठाऊक होते. ते मागे वळून बघत बघत गेले.

त्या जंगलात दोन वयस्कर बैल होते. फार वर्षांपूर्वी ते माणसांच्या गावातून गाडीसकट निघून आले होते. ज्याला चालवत नाही त्याला गाडीवरून वर पोहोचवायचे, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. घाटातल्या वळणांवर कोणी गाडीतून पडू नये म्हणून गाडीवर एक लाकडी पेटी बसवलेली असे. ती बनवायचा सुतार पक्षी. तो चोचीने फळ्यांना भोके पाडी, भोकांत लाकडी खुंट्या ठोकी आणि फळ्या हव्या तशा बसवी. जड फळ्या उचलायला हत्ती मदत करी.

पेटीसाठी माप घ्यायची एक रीत ठरलेली होती. ज्याचे माप घ्यायचे, त्याने जांभळाच्या झाडाखाली सर्वांच्या समोर अगदी ताठ उभे राहायचे. सुतार पक्षी वेल धरून माप घ्यायचा. जो जरासुद्धा हलणार नाही, त्याची सगळे वाहवा करायचे.

घोडी जांभळाखाली उभी राहिली. पाय ठणकत होता, पण तिने चारही खूर जुळवले, मान उंच केली आणि पापणीही हलू दिली नाही.

"वा! याला म्हणतात उभं राहणं!" सगळे म्हणाले.

सुतार पक्षी माप घेऊन फळ्या मांडू लागला, तेवढ्यात हत्ती पुढे आला. हत्ती मनाने फार उदार होता. पण त्याला सगळ्या गोष्टी आपल्याच अंगाच्या मानाने दिसत.

"एवढीशी पेटी? छे, छे! पाहुण्याला कोपऱ्यात बसवल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "माझ्या पिल्लाला नेलं होतं, तेवढी करा. चांगली ऐसपैस. ताईला चार पावलं फिरता आलं पाहिजे."

हत्तीपुढे कोण बोलणार? पेटी ऐसपैस झाली.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. सपाटीवर सगळे ठीक होते. घाटाच्या पहिल्या वळणावर गाडी एका अंगाला झुकली आणि घोडी घसरत जाऊन पलीकडच्या फळीवर आदळली. सावरते न सावरते तोच दुसरे वळण आले. ती पुन्हा घसरली आणि या अंगाच्या फळीवर आपटली. तिच्या वजनाने गाडीचे एक चाक जमिनीवरून उचलले गेले.

"थांब, थांब!" थोरला बैल ओरडला. "गाडी दरीत जाईल!"

"हं!" धाकटा बैल म्हणाला. तो एरवीही एवढेच बोलत असे.

गाडी परत आली. घोडीच्या खांद्याचे सालटे निघाले होते.

"कमाल आहे!" हत्ती हळहळला. "माझं पिल्लू तर एवढ्याच पेटीत वरपर्यंत घोरत गेलं होतं."

आता कोल्हा शेपटी झुलवत पुढे आला. त्याला वाटे, जगातल्या प्रत्येक अडचणीवर आपल्याकडे उपाय आहे.

"साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "जागा मिळाली म्हणून घोडी घसरली. मग जागाच ठेवू नका! शेंगेतला दाणा कधी पडतो का? चारही फळ्या अंगाला भिडवा. पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही."

सगळ्यांना ते पटले. घोडी पुन्हा जांभळाखाली उभी राहिली. पाय कालच्यापेक्षा जास्त ठणकत होता, म्हणून ती कालच्यापेक्षा जास्त ताठ उभी राहिली. सुतार पक्ष्याने नवी भोके पाडली आणि फळ्या आत सरकवल्या. घोडी पेटीत शिरली, तेव्हा फळी आणि तिचे अंग यांत एक गवताची काडीही गेली नसती.

या वेळी गाडी पहिल्या वळणापर्यंतही पोहोचली नाही. चढ लागताच धक्का बसला. घोडीने तोल सावरायला पाय फाकवू पाहिले, पण फळ्या आड आल्या. मान खाली घालू पाहिली, तर समोरची फळी छातीशी उभी. सगळा भार त्या दुखऱ्या पायावर आला. तिचे गुडघे वाकले आणि ती पेटीत तशीच अडकून पडली. हत्तीला फळ्या उपसून तिला मोकळी करावी लागली. बांधलेला पाला रक्ताने भिजला होता.

घोडी ओढ्याकाठी आडवी झाली. डोहातले पाणी घोट्याइतके उरले होते.

"दोष घोडीचाच," कोल्हा म्हणाला. "उपाय अचूक होता. हिलाच नीट उभं राहता येत नाही."

सुतार पक्षी फळ्यांवरून फिरत एकेक भोक तपासत होता. तो चिडून म्हणाला, "मी पेटी करतो, कोल्होबा, जादू करत नाही. या फळ्यांना आता आणखी एकदाच भोकं पडतील. त्यानंतर लाकूड फुटेल. जंगलात दुसऱ्या फळ्या नाहीत."

"आणि आमच्या अंगातही एकाच चढाचं बळ उरलंय, ताई," थोरला बैल म्हणाला. "खोटं कशाला सांगू?"

"हं," धाकटा खाली बघत म्हणाला.

घोडीने मान वर केली. "एकच खेप उरली असेल, तर एका खेपेत जायचं. मी शब्द दिलाय. फक्त मला एवढं सांगा, की चुकतंय कुठं?"

तेव्हा थोरल्या बैलाच्या पाठीवरून एक बारीक आवाज आला. बैलाच्या पाठीवर रोज एक पांढरा बगळा बसत असे. तो इतका गप्प असायचा, की तो तिथे आहे हे सगळे विसरूनच गेले होते.

"घोडीताई, एक विचारू? माप देताना तुम्ही जशा ताठ उभ्या राहता, तशा गाडीत किती वेळ उभ्या होतात?"

घोडीने जरा आठवून पाहिले. मग ती खरे तेच बोलली, "गाडी हलेपर्यंत."

"आले बैलावरचे शहाणे!" कोल्हा खो खो हसला.

"हो, बैलावरचाच," बगळा शांतपणे म्हणाला. "माझा सगळा जन्म हलत्या पाठीवर उभं राहण्यात गेला. बैल थांबलेला असतो तेव्हा मी एका पायावर उभा राहतो. तो चालू लागला, की दोन्ही पाय टेकतो, पायांत अंतर ठेवतो आणि मान पुढं काढतो. कुणी मला थांबल्या बैलावर मोजलं, तर चालत्या बैलावर मी पडणारच. आपण घोडीताईंना जांभळाखाली मोजलं. पण त्यांना जायचंय घाटातून."

सुतार पक्षी भोके तपासायचा थांबला. "मग मोजायचं कसं?"

"गाडीवर पेटी ठेवूच नका. नुसती ओली वाळू पसरा. ताईंना वर उभ्या करा आणि गाडी ओढ्यातल्या दगडांवरून हळूहळू चालवा. त्यांचे खूर वाळूत जिथं उमटतील, ते त्यांचं माप."

"सगळ्यांसमोर?" घोडीने हळूच विचारले. आपण डगमगतो हे तिने आजवर कोणाला दिसू दिले नव्हते.

"सगळ्यांसमोर," बगळा म्हणाला.

घोडीने घाटाच्या वाटेकडे पाहिले. तिला मागे वळून बघत गेलेले शिंगरू आठवले. "पसरा वाळू," ती म्हणाली.

गाडी दगडांवरून गचके खात निघाली. घोडीचे पुढचे पाय फाकले. मागचा भाग खाली बसला. मान लांब होऊन गुडघ्यापर्यंत खाली आली. खारी तोंडावर पंजे ठेवून हसू लागल्या.

"अरेरे! ही घोडी आहे की बेडूक?" कोल्हा ओरडला.

घोडीचे कान लाल झाले. पण तिने पाय जवळ घेतले नाहीत.

"हसा, कोल्होबा, पोटभर हसा," ती म्हणाली. "सुतारभाऊ, तुम्ही मात्र हसू नका. तुम्ही मोजा."

सुतार पक्षी वाळूवर उतरला. पुढच्या दोन खुरांमधले अंतर त्याने वेलीने मोजले आणि तो चकितच झाला. जांभळाखाली घेतलेल्या मापाच्या ते जवळजवळ दुप्पट होते. उंची मात्र कमी लागत होती, आणि मान काढायला पुढे हातभर जागा लागत होती.

"म्हणजे कोल्होबांच्या पेटीपेक्षा पुष्कळ रुंद," तो म्हणाला, "आणि हत्तीदादांच्या पेटीपेक्षा पुष्कळ अरुंद. पाय फाकवता आले पाहिजेत, पण घसरायला जागा नको. आणि समोरची फळी खाली घ्यायला हवी."

"एवढीच?" हत्तीचा चेहरा पडला. "थोडी तरी मोठी करू या ना! ताईला कोंडल्यासारखं वाटेल."

घोडी हसून म्हणाली, "दादा, तुमची माया मोठी आहे, ती मला हवीच आहे. पण उभं राहायचंय ते पेटीत."

हत्तीने मुकाट्याने फळी उचलली.

सुतार पक्ष्याची चोच दिवसभर चालली. प्रत्येक भोक पाडण्याआधी तो दोनदा वाळूवर जाऊन खुणा पाहून येई. हत्ती फळ्या धरून उभा राहिला. तळाशी सुकलेले गवत अंथरले. काम संपले तेव्हा एकही फळी फुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. डोहात आता चिखलामध्ये ओंजळभरच पाणी चमकत होते. खुंट्यांवर लक्ष ठेवायला सुतार पक्षी बरोबर होता. बगळा आपल्या नेहमीच्या जागी बसला होता. हत्ती मागून चालत होता.

पहिले वळण आले. गाडी झुकली. घोडीने पाय फाकवले, मान खाली केली. तिची कूस फळीला टेकली, फळीने तिला आधार दिला आणि ती परत सरळ झाली.

"ताई?" थोरल्या बैलाने विचारले.

"उभी आहे. चला."

दुसरे वळण. "ताई?"

"उभी आहे. चला."

अर्ध्या घाटात वाट खचली होती. तिथे डावे चाक धाडकन खड्ड्यात गेले. पेटी करकरली. एक खुंटी निम्मी बाहेर आली. सुतार पक्ष्याने झेप घेऊन ती चोचीने आत ठोकली. बैलांनी खूर रोवले. मागून हत्तीने मस्तक लावले. घोडीचे चारही पाय थरथरत होते, दुखऱ्या पायातून कळा येत होत्या. पण तिन्ही चांगल्या पायांना आपापली जागा होती, म्हणून चौथ्या पायावर भार आला नाही. चाक वर आले.

कोणीच काही विचारले नाही. बैलांना बोलायला श्वास उरला नव्हता. तेव्हा पेटीतून घोडीनेच सांगितले, "उभी आहे! चला!"

"हं!" धाकटा बैल म्हणाला आणि त्याने मान जुवाखाली आणखी रेटली.

शेवटच्या वळणावर वरून एक कोवळी खिंकाळी ऐकू आली. घोडीनेही पेटीतून खिंकाळून उत्तर दिले. शिंगरू धावत आले. ते गाडीच्या बरोबरीने, फळीला नाक लावून, पठारापर्यंत चालले.

"डोह आटला का गं?" त्याने विचारले.

"आटत आलाय," घोडी म्हणाली. "पण मी त्याच्या आधी पोहोचले."

हत्तीने मागची फळी काढली. घोडी हळूहळू खाली उतरली आणि लंगडत तळ्याच्या काठाशी गेली. तिथे हरणे होती, सांबरे होती, अख्खे जंगल जमले होते. घोडीने सर्वांच्या समोर पुढचे पाय फाकवले, मान लांब करून खाली घातली आणि ती पाणी पिऊ लागली. या वेळी कोणी हसले नाही.

बगळ्याने सुतार पक्ष्याकडे पाहिले. "काय सुतारभाऊ, मापात आहे ना?"

सुतार पक्ष्याने डोके तिरके करून घोडीचे पाय न्याहाळले. "तंतोतंत," तो म्हणाला.

तात्पर्य : कुणाला आधार द्यायचा, तर आपल्या मोठेपणाने किंवा आपल्या हुशारीने त्याचे माप ठरवू नये, तो डगमगतो तेव्हा त्याला किती जागा लागते ते पाहावे. आणि ज्याला आधार हवा, त्यानेही आपले डगमगणे लपवू नये.