बायच्या टेकडीवरचं बिनदाराचं चॅपेल

करंजभाट गावाच्या पश्चिमेला, समुद्र आणि केळीच्या वाड्या यांच्यामध्ये एक बुटकी टेकडी आहे. वर चुन्याचं एक लहानसं चॅपेल आहे. आत जेमतेम दहा माणसं गुडघे टेकू शकतील. पाहुणे पहिल्यांदा तिथं जातात तेव्हा त्यांना वाटतं, दाराचं काम चालू असेल. चौकट आहे, चौकटीला बिजागऱ्यांची भोकं आहेत, दार मात्र नाही. पावसाळ्यात वारा थेट वेदीपर्यंत शिरतो, मेणबत्त्या विझतात. दोनदा कुणा भाविकांनी मुंबईहून नवी दारं पाठवली होती. गावानं ती आभार मानून घेतली आणि शाळेला बसवली.

असं का, म्हणून विचारलं, की चॅपेलची घंटा वाजवणारे सिमाव काका पायरीवर बसतात, पाहुण्यांनाही बसवतात आणि रेजिनबायची गोष्ट सांगतात. त्यांना ती त्यांच्या आजीनं सांगितली, आजीला तिच्या आजीनं.

तेव्हा गावात पाद्री राहत नव्हता, असं सांगतात. महिन्यातून एकदा पाद्रीबाबा खाडीतून होडीनं येत, मिस्सा म्हणजे वेदीवरची सामुदायिक उपासना करत, बाप्तिस्मे देत आणि भरतीच्या आत परत जात. बाकीचे एकोणतीस दिवस गाव रेजिनबायच्या अंगावर असे. रेजिनबाय तरुणपणीच विधवा झालेली. तिला मूलबाळ नव्हतं, पण गावातलं प्रत्येक मूल तिच्याकडेच प्रार्थना शिकलं होतं. कुणाचा ताप उतरत नसला की तिला बोलावणं यायचं, कुणाची सून रुसली की तिला, कुणाचा बैल दुसऱ्याच्या वाडीत शिरला तरी तिलाच. तिची जीभ तिखट होती आणि न्याय सरळ होता, म्हणून लोक शिव्या खाऊनही तिच्याच दारात येत.

आणि ती वैतागली होती. वर्षानुवर्षं वैतागली होती. संध्याकाळी जपमाळ हातात घेऊन बसावं, पाच मणी सरकावेत, तोच अंगणातून हाक यावी, "बाय, आहेस का?" साठी उलटली तरी एक जपमाळ अखंड पुरी झाली असेल तर शपथ. ती म्हणायची, "स्वर्गाच्या दारात देव विचारेल, रेजिन, आयुष्यभर काय केलंस? तर मी काय सांगू? कैतानच्या कोंबड्या मोजल्या?"

एका वर्षी ईस्टरच्या मिस्साला पाद्रीबाबांनी प्रवचन केलं. आपलं खरं घर वर आहे, मातीत नाक खुपसून बसू नका, मन तिकडे ठेवा, असं ते म्हणाले. गावानं मान डोलावली आणि बाहेर पडल्या पडल्या पुढच्या बाकावर कुणी बसायचं यावरून भांडण काढलं. रेजिनबाय मात्र तशीच बसून राहिली. मग उठून वेदीसमोर गेली आणि तिनं नवस बोलला. ईस्टरपासून स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत चाळीस दिवस ती टेकडीवर राहील, कुणाशी एक शब्द बोलणार नाही, कुणाचं तोंड पाहणार नाही, आणि फक्त वरच्या गोष्टींचा विचार करील.

टेकडीवर तेव्हा एक पडकी चौकी होती. गावानं ती शाकारून दिली. बावतीस सुताराकडून बायनं फणसाचं दार करून घेतलं. "जाड कर," ती त्याला म्हणाली. "इतकं जाड, की कुणाचा आवाज आत येता कामा नये." ते दार वर चढवायला चार माणसं लागली, असं सांगतात. बाय आत गेली आणि तिनं कडी घातली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. "बाय, तू बोलू नकोस, मला ठाऊक आहे तुझा नवस. फक्त एवढं सांग, खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी चालतील का?" बायनं दात आवळले. पाचव्या दिवशी कैतानची बायको आली आणि जावेनं लोणच्याची बरणी कशी पळवली ते दाराला सगळं सांगून गेली. नवव्या दिवशी दोघी बायका एकदमच आल्या आणि गाऱ्हाणं आधी कुणी सांगायचं यावरून दारातच एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या. बायनं कानांत कापूस कोंबला. डोळे मिटून ती स्वर्ग पाहायला बसली, की तिला जावेच्या हातातली बरणी दिसायची.

"देवा," ती म्हणाली, देवाशी बोलायची बंदी नव्हती, "चाळीस दिवस तरी यांना तू सांभाळ. चाळीसच. मी जन्मभर सांभाळलं."

हळूहळू लोक यायचे थांबले. पंधरवड्यानंतर टेकडीवर फक्त वारा उरला. पहाटे एक बाई येऊन दारापाशी पेजेचा वाडगा ठेवून जाई, तेवढीच चाहूल. ती जुरानची बायको ऑजिन होती. बायच्या मनाला थोडी शांतता लाभली. आकाश, समुद्र, जपमाळ. मणी सरकत होते. आता जमतंय, असं तिला वाटू लागलं.

एकतिसाव्या दिवशी, दुपारी भर उन्हात, पायवाटेवरून पावलं वाजली. जड, थांबत थांबत येणारी. मग खोकला. तो खोकला बायनं लगेच ओळखला. तो जुरान होता.

जुरान आणि फरसू हे सख्खे भाऊ. त्यांच्या वाड्या शेजारी शेजारी, मध्ये खोल ओहोळ. विहीर जुरानच्या वाडीत होती आणि बापानं मरताना दोघांना दिवसाआड पाणी वाटून दिलं होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी पाणी आटलं, रहाटाच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला, जुराननं फरसूच्या बैलाला विहिरीवरून हाकललं, आणि फरसूनं ओहोळावरची साकवाची फळी उचलून समुद्रात टाकली. तेव्हापासून बोलणं बंद. बायनं दोघांना समजावण्यात तीन वर्षं घालवली होती. दोघेही मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"बाय, आहेस का?" जुरान बाहेरून म्हणाला.

पुन्हा विहीर, बायच्या मनात आलं. एकतीस दिवस झाले, नऊ उरलेत, आणि पुन्हा ती मेली विहीर.

"फार वेळ नाही घेणार," तो म्हणाला. दाराला पाठ लावून तो बसला, ते फळीच्या करकरीवरून तिला कळलं. तिच्या हातात जपमाळ होती. ती दाराच्या या बाजूला, तो त्या बाजूला, मध्ये तिनंच जाड करून घेतलेलं लाकूड. तिला एकदा वाटलं, विचारावं. पण नवस होता. आणि नवसापेक्षाही, खरं सांगायचं तर, तिला कंटाळा आला होता. तिनं आवाज मोठा करून पुढची प्रार्थना सुरू केली.

थोड्या वेळानं तो उठला. "बरं, असू दे," एवढंच म्हणाला, आणि खोकत खोकत उतरून गेला.

चौतिसाव्या दिवशी पहाटे पेज आली नाही. सूर्य वर आला तरी वाडगा नाही. मग खालून गावातल्या चर्चची घंटा वाजू लागली, एकेक ठोका, मध्ये लांब थांबा. मरणाची घंटा. बायनं जपमाळ खाली ठेवली. गावात कोण आजारी होतं? कुणीच नव्हतं. मग तिला तो खोकला आठवला, आणि तिनं कडी काढली.

जुरान पहाटे रहाटाला बैल जुंपताना छातीवर हात ठेवून खाली बसला होता, तो उठलाच नाही. बाय घरात शिरली तेव्हा ऑजिन त्याच्या उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. बायकडे बघून म्हणाली, "तीन दिवसांपूर्वी तो तुझ्याकडे आला होता."

"आला होता," बाय म्हणाली. चौतीस दिवसांतला माणसाशी बोललेला तो तिचा पहिला शब्द.

"फरसूकडे जायचं म्हणत होता. पाणी पूर्वीसारखं वाटून घेऊ म्हणत होता. पण एकट्याला लाज वाटत होती. म्हणाला, बाय पुढं चालली तर मी मागून जाईन, बोलावं लागणार नाही." ऑजिननं नवऱ्याच्या कपाळावरची माशी हाकलली. "परत आला आणि म्हणाला, दार बंद आहे. सण झाला की बघू."

बाय उभी राहिली. तिला बसवेना. मागल्या अंगणात गेली तर ओहोळाच्या पलीकडे केळींत फरसू उभा दिसला. डोक्याला काही गुंडाळलेलं नाही, पायांत काही नाही. घंटा त्यानंही ऐकली होती. भावाचं घर वीस हातांवर होतं, मध्ये ओहोळ, आणि फळी त्यानं स्वतःच्या हातानं समुद्रात टाकली होती. वळसा घालून रस्त्यानं यायचं तर सगळ्या गावासमोरून यावं लागलं असतं. तो पुढेही येत नव्हता आणि मागेही जात नव्हता.

बायनं त्याला हाक मारली नाही. ती वळली आणि टेकडी चढू लागली. लोकांना वाटलं, म्हातारी पुन्हा प्रार्थनेला चालली. कुणीतरी पुटपुटलंही, आता तरी थांबायचं होतं.

पुढचं सांगताना सिमाव काका 'म्हणे' हा शब्द जपून वापरतात. चार माणसांनी चढवलेलं दार तिनं एकटीनं बिजागऱ्यांतून उपसलं, म्हणे. डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर ते घेतलं आणि वैशाखाच्या उन्हात टेकडी उतरली. वाटेत बावतीस सुतार धावत आला, हात लावू गेला, तर ती त्याच्यावर ओरडली, "मी जाड करायला सांगितलं होतं ना? मग मलाच वाहू दे." बावतीस पुढं म्हातारपणापर्यंत सांगायचा, की दाराच्या कडेखाली हात घातला तेव्हा त्याला वजन लागलंच नाही. कुणीतरी दुसऱ्यानं ते धरलं होतं. खरं खोटं देव जाणे. पण त्या दिवशी वाटेवर उभ्या असलेल्या माणसांनी आपापल्या टोप्या काढल्या, एवढं खरं.

बायनं ते दार ओहोळावर आडवं टाकलं. दोन्ही काठांना ते बरोब्बर टेकलं. ती धापा टाकत होती, कपाळावर रक्ताचा ओरखडा होता. पलीकडे फरसू अजून तसाच उभा.

"ये," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"अरे ये की! का तुझ्यासाठी आणखी एक दार आणू? माझ्याकडे एकच होतं." मग तिनं कपाळावरचं रक्त पदरानं पुसलं. "चल. मी पुढं चालते. तो तुझ्याकडे यायला निघाला होता, फरसू. मी येऊ दिलं नाही. तुझा राग राहिला असेल तर तो माझ्यावर काढ, पण आधी ये."

ती दारावरून पलीकडे गेली, वळली आणि त्याच्यापुढं चालू लागली. फरसू तिच्या मागून आला. भावाच्या पायांशी बसून तो जे रडला ते गावानं ऐकलं. शवपेटी उचलताना पुढचा खांदा त्यानंच दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं आधी ऑजिनच्या वाडीला पाणी सोडलं.

स्वर्गारोहणाच्या सणाला पाद्रीबाबा आले तेव्हा बाय त्यांच्यापुढं गुडघे टेकून म्हणाली, "बाबा, नवस मोडला. सहा दिवस राहिले."

"पुन्हा करशील?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही वर बघा म्हणालात, मी बघितलं. बोलू नये ते बोलते, पण वरचा देव सगळा वेळ खालीच बघत होता. मी त्याची नजर चुकवत होते." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, माणसं मध्ये आली नसती तर मी केव्हाच वर पोचले असते. जुरान मध्ये आला नव्हता, बाबा. तोच रस्ता होता."

पाद्रीबाबांनी तिला प्रायश्चित्त काही दिलं नाही. त्यांनी विचारलं, "दार परत बसवायचं?" ती म्हणाली, "लागेल कशाला? आता ते कामाला लागलंय."

बाय पुढं अकरा वर्षं टेकडीवरच राहिली, बिनदाराच्या खोलीत. ती गोड झाली असं कुणी समजू नये. माणूस चौकटीत दिसला की ती जपमाळ खाली ठेवायची, कपाळाला आठ्या घालायची आणि म्हणायची, "बोल लवकर, मला वर जायचंय." आणि मग दिवस मावळेपर्यंत ऐकत बसायची. तिच्या जपमाळा अपुऱ्याच राहिल्या. ती गेली तेव्हा हातातल्या जपमाळेचे सतरा मणी झाले होते, आणि समोर कुणाची तरी सून बोलता बोलता गप्प झाली होती. तिच्या चेहऱ्यावर म्हणे असं काही होतं, की सुनेला आपण रुसलो होतो कशावरून तेच आठवेना.

त्या खोलीचं पुढं चॅपेल झालं. आणि तेव्हापासून करंजभाटात एक रीत पडली. ज्याला कुणाशी समेट करायचा आहे पण एकट्यानं जायला पाय उचलत नाही, तो गावातल्या कुणापाशीही जाऊन म्हणतो, "माझ्यापुढं चाल." ज्याला असं म्हटलं, त्यानं हातातलं काम टाकून उठायचं. का, कुठं, किती वेळ, असं विचारायचं नाही. जेवणाच्या ताटावरून उठायचं, प्रार्थनेतूनही उठायचं.

आजही ती रीत चालते. वैताग येतो, पण चालते. गेल्या वर्षी स्वर्गारोहणाच्या सणाला सारं गाव टेकडीवर जमलं होतं. ऊन तापलेलं, मुलं किरकिर करत होती, खाली घराघरांत जेवणं निवत होती. नव्या फादरांनी मिस्साचा झगा चढवला, हात जोडले, आणि पहिला शब्द उच्चारणार तोच कार्मेल म्हातारी गर्दीतून वाट काढत वेदीपाशी गेली. मुलीच्या लग्नावरून तिचं आणि मुलीचं सात वर्षं बोलणं नव्हतं.

"फादर," ती म्हणाली, "माझ्यापुढं चला."

फादरांनी क्षणभर गर्दीकडे पाहिलं, मग झगा तसाच अंगावर ठेवून ते टेकडी उतरू लागले. गाव उन्हात चरफडत उभं राहिलं. तासभर झाला. कुणी पदरानं वारा घेत होतं, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी म्हातारीच्या नावानं बोटं मोडत होतं. घरी मात्र एकजणही गेला नाही.

मग कुणीतरी वाटेकडे बोट दाखवलं. खाली दोघं गेली होती, आणि वर तिघं येत होती.