यसू सुईणीचा पांढरा कान

वरच्या डोंगराला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खालच्या वाडीत यसू नावाची सुईण होती. ती पोटुशीच्या पोटाला उजवा कान लावायची आणि आतल्या जिवाचं सगळं सांगायची. तिला दोन ठोक्यांमधला श्वासही ऐकू यायचा, असं म्हणतात.

त्या दिवशी ती एका ओल्या बाळंतिणीच्या तान्ह्याला अंघोळ घालत होती. अंगणात कुरडया वाळत होत्या. तेवढ्यात वरून माणूस धावत आला. डोंगरातल्या चुन्याच्या भट्ट्या ढासळून भट्टीवाडीवर बसल्या होत्या.

यसूनं बाळ आजीच्या हाती दिलं आणि तेलाचा बुधला उचलला. तिचा नवरा रायाजी कुदळ घेऊन पुढे पळाला. त्याच्यामागं खालच्या वाडीतला प्रत्येक धडधाकट गडी गेला. वर पांढऱ्या धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. माणसं धुळीत शिरून उकरत राहिली. यसूही शिरली. चुन्याला पाणी लागलं की तो पोळतो, म्हणून ती बाहेर काढलेल्यांचे डोळे आणि तोंडं तेलानं पुसत होती. भट्टीवाडीतली निम्मी माणसं त्या दिवशी जिवंत निघाली.

पाटलांनी उकरणाऱ्यांना लाल पागोटी बांधली. वाचलेल्यांना वर्षभराचं धान्य दिलं आणि एक वैद्य बसवला. वर्ष भरलं, तसा वैद्य आपल्या गावी गेला.

खोकला मात्र गेला नाही. वाचलेले उघड खोकायचे. पागोटंवाल्यांची पंचाईत होती. मानाचं पागोटं घातलेल्यानं चारचौघांत कण्हायचं नाही, अशी गावाची रीत. ते खोकला गिळायचे. रायाजी गोठ्यात जायचा आणि गुरांच्या घंटा वाजत असताना खोकून घ्यायचा. यसूनं विचारलं की म्हणायचा, "धुरानं होतंय गं." पोटातलं बाळ ऐकणाऱ्या यसूला घरातलं हे ऐकू आलं नाही. एका हिवाळ्यात रायाजी गेला.

त्याचे दिवस झाल्यावर यसू पागोटं घेऊन चावडीवर गेली.

"पाटील, हे परत घ्या."

"यसूबाई, अगं मानाचं आहे ते."

"मान डोक्याला दिलात. दुखणं छातीत हाय."

"गावानं वर्षभर औषधपाणी केलं की."

"धुळीला वर्ष कळतं व्हय?"

कट्ट्यावर गणोजी बसला होता. रायाजीच्या शेजारी उकरणारा. तो हसून म्हणाला, "सुईणबाई आता म्हाताऱ्यांना जन्माला घालणार वाटतं."

"घालते. पाठ कर इकडं."

गणोजी चेष्टेतच वळला. यसूनं त्याच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ती हलली नाही. मग तिनं सगळ्यांदेखत रायाजीच्या पागोट्याची पट्टी फाडली, शेजारच्या घरी चुलीवर ओवा भाजायला लावला, पुरचुंडी बांधली आणि गणोजीच्या छातीवर धरली. "खोक," ती म्हणाली. गणोजी खोकला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर येईपर्यंत खोकला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी एकेक गडी आपलं पागोटं घेऊन तिच्या दारात आला.

तेव्हापासून यसू दर अमावस्येला दोन्ही वाड्या फिरायची. घरोघरी पाठीला कान लावायची, अडुळशाचा काढा द्यायची. ज्याला चढ चढवेना, त्याच्या घरी दुसऱ्याकडून पाणी भरवून घ्यायची. डोळा लागला की ज्यांना भट्टी कोसळताना दिसायची, त्यांच्या उशाशी बसायची. कुणी म्हणालं, "आता पुरे की, आत्या," तर म्हणायची, "शेवटची पाठ बरी होऊ दे."

अशी ती म्हातारी झाली. चुन्यानं भरलेल्या छात्या ऐकून ऐकून तिचा उजवा कान पांढराफटक पडला होता, असं म्हणतात. नदीपलीकडं कुणाला धाप लागली, तर इकडं तिची झोपमोड व्हायची, असंही म्हणतात.

ती गेली ती गणोजीच्याच घरी. त्याच्या पाठीला कान लावून बसली होती. ती ऐकतेय असं समजून गणोजी दिवे लागेपर्यंत हलला नाही.

डोंगराला आता कानाचा डोंगर म्हणतात. भट्ट्या ढासळल्या त्या तिथीला आजही दोन्ही वाड्या चावडीवर जमतात. नवं लाल पागोटं आणतात, पण कुणाला बांधत नाहीत. त्याच्या पट्ट्या फाडून ओव्याच्या पुरचुंड्या करतात. वणव्यात, पुरात, दरडीत जो कुणी उतरला असेल, त्याची पाठ आधी ऐकतात. आता तालुक्याहून डॉक्टर नळी घेऊन येतात, तेही त्या दिवशी आधी नुसता कान लावतात. आणि दुसऱ्याची पाठ ऐकण्याआधी प्रत्येकाला स्वतःची पाठ ऐकायला द्यावी लागते. हा नियम यसूनंतर झाला.

धुळीत तीही शिरली होती. तिच्या पाठीला कुणी कधी कान लावला नाही.