सोपान शिपायाची दौड

एका गावातल्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव सोपान. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा, म्हणून रोज बोलणी खायचा. मग स्वतःच डोक्यावर टपली मारून म्हणायचा, "हितं भुसा भरलाय, दुसरं काय!"

एकदा शाळेने दौड ठरवली. मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, गावाने दर फेरीला पैसे द्यायचे आणि ते कॅन्सरवर औषधं शोधणाऱ्या संस्थेला पाठवायचे. सोपानचा सगळा जीव त्या दौडीत होता. त्याला लहानाचा मोठा केला तो वहिनीने, आणि ती वर्षभर त्याच दुखण्याशी झगडून नुकती उठली होती. डोक्यावर बोटभर केस आले होते. ज्या औषधाने ती उठली, ते कुणीतरी शोधलं म्हणूनच मिळालं, एवढं सोपानलाही कळत होतं.

"वैनी, तू म्होरं खुर्चीवर बसून बघ. आज मी एक चूक करनार न्हाई."

"एक कर बाबा," वहिनी म्हणाली. "एक चालंल."

सकाळी मोठ्या बाईंनी त्याच्या हातात हारांची टोपली दिली. "सोपान, फाटकातून जो येईल त्याच्या गळ्यात हार घाल."

सोपानने दूधवाल्याला हार घातला. पोस्टमनला घातला. मागोमाग बकरी आली, तिलाही घातला. तिने तो तिथेच खाल्ला. मग आणखी बकऱ्या आल्या. पाहुणे डॉक्टर आले तेव्हा टोपलीत नुसता दोरा होता.

"अरे, चुकून गेलेलं लगेच परत घ्यावं!" बाई ओरडल्या. "कळलं?"

"कळलं, बाई."

मग त्याला दानपेटीपाशी बसवलं. एक म्हातारी आली, पेटीत नोट टाकली आणि म्हणाली, "अगं बया! धाची टाकायची तर चुकून शंभराची पडली. जाऊ दे, चांगल्या कामाला गेली."

सोपानने 'चुकून' तेवढं ऐकलं. धोंडा घेतला, पेटीचं कुलूप फोडलं आणि नोट काढून म्हातारीच्या हातात कोंबली. म्हातारी दोनदा नको म्हणाली. मग नोट कमरेला खोचून निघून गेली.

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "चांगल्या कामाला निघालेलं कधी अडवायचं नसतं! वाट मोकळी करून द्यायची. कळलं?"

"कळलं, बाई."

शिट्टी वाजली. मुलं सुटली. पहिल्याच फेरीत ती फाटकासमोर आली तसं सोपानने फाटक सताड उघडलं. "चला, वाट मोकळी!" सगळी पोरं रस्त्यावर. ज्याचं घर लागलं तो घरात शिरला. काहींनी तर जेवूनही घेतलं. मैदान ओस पडलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, चुकीच्या वाटेला लागलं की जसं गेलं तसं उलटं फिरून यायचं, एवढं तरी सांगायचंस त्यांना!"

"कळलं, बाई," सोपान म्हणाला. पण आता सांगणार कुणाला?

फेऱ्याच नाहीत तर पैसे कसले! सोपानला रडू आलं. वहिनीकडे बघायची हिंमत होईना. पुढच्या रांगेत ठेकेदार धोंडूअण्णा पोट धरधरून हसत होते. "सोप्या, मंग तूच पळ की! तुज्या एका फेरीला माजे हजार."

सगळे हसले. सोपान हसला नाही. त्याने चपला काढल्या, टोपी खिशात कोंबली आणि पळत सुटला.

एक फेरी झाली, दोन झाल्या. वहिनी उठून टाळ्या वाजवू लागली. मग गाव मोठ्याने फेऱ्या मोजू लागलं. सोपानचा सदरा घामाने चिंब झाला, आणि अण्णांचाही झाला, बसल्या जागी. सोपान धापा टाकत थांबला तेव्हा अण्णांनी त्याला हळूच जवळ बोलावलं.

"पळालास झकास. पन मैदानामधला झेंडा उजव्या हाताला ठिवून फेरी मारायची असती. तू डाव्या हाताला ठिवलास."

"मंग चुकलं?"

"समदं."

सोपानने डोक्यात टपली मारली. जसा गेला होता तसा उलटा फिरला आणि पुन्हा पळू लागला.

"आरं सोपाना, थांब! पुरं झालं!" वहिनी ओरडली.

"चांगल्या कामाला अडवू नगंस, वैनी!"

या फेऱ्या अण्णांनी स्वतः मोजल्या, मोठ्या आवाजात, अगदी आवडीने. जितक्या सुलट झाल्या होत्या तितक्या उलट मारून सोपान त्यांच्या पायाशी येऊन कोसळला.

"बघा अण्णा, समद्या फिरवल्या. एक बी फेरी शिल्लक ठिवली न्हाई. तुमी काय बी देनं लागत न्हाई."

अण्णांनी पाकीट खिशात सरकवलं आणि त्याची पाठ थोपटली. "शहाना हाईस, सोपान."

सोपान लंगडत, धडपडत वहिनीकडे धावला.

"वैनी, ऐकलंस का? शहाना म्हनले मला!"