परक्याची गाठ

त्या मुलखात प्रत्येकजण राखणदार म्हणूनच जन्माला येई, आणि बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यभर वाट पाहणंच येई.

सगळ्यांचा जन्म पांढऱ्या डोंगराच्या पोटात होई. जन्मताच कमरेला करगोटा बांधला जाई. तो सगळ्यांचा एकसारखा असे, लांबलचक आणि नाना रंगांच्या तुकड्यांचा. वयात आल्यावर मात्र ज्याने त्याने एकट्याने अंधाऱ्या खोपटात जायचं, करगोटा मधूनच कापायचा, काही तुकडे फेकायचे आणि उरलेल्यांची गाठ मारायची. फेकलेलं परत मिळत नसे. आत शिकवायला कोणी नसे, म्हणून एकाची गाठ दुसऱ्यासारखी कधी येत नसे. डोंगरावरच वाढलेले ते डोंगरकरी आणि लहानपणी खाली खोऱ्यात धाडलेले ते खोरेकरी. दोघांची गाठ मारण्याची तऱ्हा वेगळी, एवढंच.

प्रत्येक गाठीला जुळणारा एकच शत्रू जगात कुठेतरी असे. तो आला, की त्या राखणदाराला लेकरं होत, आणि प्रत्येक लेकराच्या कमरेला तीच, हुबेहूब तीच गाठ असे. तो नाही आला, तर राखणदार एकटाच हिंडत हिंडत संपून जाई.

येसाई डोंगरकरी होती. तिचा शत्रू आला नव्हता. तांबड्या नदीच्या काठाने ती चौकीमागून चौकी फिरे आणि प्रत्येक ठिकाणी विचारी, "कोणी आलं का?"

"आलं, पण तुझं नाही, येसाई," चौकीवरचे सांगत. ते वाईट मनाने सांगत नसत, पण सांगून झाल्यावर त्यांना दुसरं बोलायला काही नसे. तिच्यासोबत खोपटाबाहेर उभ्या असलेल्या बायका आता लेकरांच्या गराड्यात असत. येसाई दुरून हात हलवी आणि पुढे निघे. काही काळ ती स्वतःशीच बोलत असे. मग तेही सुटलं.

अशात मानखिंडीतून वाईट बातमी आली. तिथली चौकी सुजत चालली होती. चौकीत माणूस मावेना, आणि त्या गर्दीच्या मधोमध एक परका बसला होता. अंगाने अवाढव्य, एकाच धडावर दोन तोंडं. त्याच्याकडे बघायला म्हणून जे गेले ते तिथेच राहिले, त्याला खाऊपिऊ घालू लागले. मग शेजारच्या चौकीतही तसाच एक दिसला. मग आणखी खालच्या.

मुलखाचा कारभारी तुळाजी हा खोरेकरी. त्याने सगळ्यांना बोलावलं. डोंगरकरी म्हणाले, हा खोऱ्यातला आहे. खोरेकरी म्हणाले, डोंगरातला आहे. काही म्हणाले, आपला नव्हेच, बाहेरून आलाय. परक्याचा आवाज गर्दीबाहेर पोचत नव्हता, त्यामुळे बोलीवरून ओळखायची सोय नव्हती.

"आपल्यापाशी दोन धूर आहेत," तुळाजी म्हणाला. "एक डोंगरकऱ्यांना लागतो, एक खोरेकऱ्यांना. ज्याचा त्याला धूर लागला की त्या जातकुळीचं कोणीच उरत नाही. पांढऱ्या डोंगरातून नवे येईपर्यंत अर्धा मुलूख उघडा राहील. दोन्ही लावले तर सगळाच. तेव्हा मला हा कोण आहे ते कळायला हवं."

"गाठ बघा त्याची," कोणीतरी म्हणालं.

"तिथल्या गाठी पाहिल्या. त्या सगळ्या भोवतालच्या गर्दीच्या निघाल्या. त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. कोणीतरी गर्दी बाजूला सारून नेमकं त्याच्याच कमरेपर्यंत जायला हवं. आणि माघारी यायला हवं."

सगळे आपापल्या लेकरांकडे बघू लागले. येसाईला बघायला कोणी नव्हतं. ती उठली.

मानखिंडीत ती कोपरांनी वाट काढत आत शिरली. "बस की, येसाई, बस," म्हणत ओळखीचे हात तिला खाली ओढत होते. इतकी माणसं तिच्याशी आजवर कधी बोलली नव्हती. तिचे पाय थबकले. क्षणभर तिला वाटलं, बसावं. मग तिने ते हात सोडवले.

परका मधोमध बसला होता आणि त्याच्याभोवती हातभर जागा रिकामी होती. येसाई त्या जागेत उतरली.

"बाबा, तुझा करगोटा बघू दे."

"बघा," तो दोन्ही तोंडांनी हळूच म्हणाला. "कोणी विचारलंच नाही आजवर. बाई, मी कुणाचा?"

तिने वाकून गाठ हातात घेतली. आधी नुसता गुंता दिसला. मग तिच्या बोटांना ओळख पटली. तुकडे जोडायची ती तऱ्हा डोंगराचीच होती. तिच्यावर मात्र पुन्हा पुन्हा पीळ दिलेला होता. गाठ शत्रूला अधिक घट्ट बसावी म्हणून डोंगरकरी पिळाच्या वाडीत जाऊन असा पीळ देत. एखाद्याचा पीळ चुकून गाठ निकामी झाली, तर त्याने वाडीमागच्या दरीत जायचं आणि परत यायचं नाही, असा रिवाज होता.

"तू दरीच्या तोंडाशी गेला होतास," येसाई म्हणाली.

"गेलो होतो. आत फार एकटं वाटलं हो. मागे फिरलो. हाक मारायला गेलो, तर आवाज गेलेला, उरलं ते हे एवढं पुटपुटणं. मग कोणी ओळखेना." त्याचं एक तोंड थोडं उजळलं. "पण आता माझ्यासारखे पुष्कळ आहेत म्हणतात. खालच्या चौक्यांत. आम्ही कुठल्यातरी एका गावचे असू, नाही का?"

येसाई उठली. ती खालच्या चौकीत गेली, तिच्याही खालच्या चौकीत गेली, आणि प्रत्येक ठिकाणी गर्दी सारून तिने गाठ पाहिली. मग ती मानखिंडीत परत आली आणि त्याच्याशेजारी टेकली.

"गाव नाही, बाबा," ती म्हणाली. "सगळीकडे तूच आहेस. गाठ तीच, पीळसुद्धा तिथेच चुकलेला."

त्याची दोन्ही तोंडं खाली गेली. "म्हणजे कोणी नाहीच," तो म्हणाला.

तुळाजीकडे जाताना वाटेवर येसाई एकदा थांबली. खोऱ्याची गाठ आहे म्हटलं असतं, तर ती वाचली असती; तिच्या सोबतिणी वाचल्या असत्या, त्यांची लेकरंही. पण मग धूर भलत्यांनाच लागला असता आणि परका तसाच वाढत राहिला असता. ती तुळाजीपुढे उभी राहिली.

"आमचाच आहे," ती म्हणाली. "डोंगरकरी. सगळे मिळून एकच."

तुळाजीने तिच्याकडे पाहिलं. "येसाई, तू काय सांगतेस ते तुला कळतंय ना?"

"कळतंय. लावा धूर."

सोबतिणींनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि ती मानखिंडीकडे निघाली. जिथे ती निघाली होती तिथे जायची कोणाची इच्छा नव्हती, म्हणून गर्दीने या वेळी स्वतःच वाट दिली. परक्याजवळच्या रिकाम्या जागेत ती पाय पसरून बसली. तांबड्या नदीवरून पहिला धूर आत येताना दोघांनाही दिसला.

"तुम्ही का आलात?" त्याने विचारलं.

"दुसरीकडे कुठे जाऊ?" येसाई म्हणाली आणि तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

धूर खिंडीत भरला आणि गर्दी हळूहळू विरळ होत गेली.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी, एका खोलीत एक बाई आरशासमोर उभी होती. औषधांनी झडलेले डोक्यावरचे केस नुकतेच पुन्हा उगवत होते. तिने मान तिरकी करून कानाखालून गळ्यापर्यंत बोटं फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली. तिथली सुजलेली गाठ आता बोटांना लागली नाही. सांगायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ती तशीच, मानेवर हात ठेवून, बराच वेळ उभी राहिली.