दोन भाकऱ्यांची वाट

एका उंच पठारावर एक गाव होतं, आणि त्या गावात अंतर भाकरीत मोजत. चालून चालून जिथे भूक लागते आणि माणूस सावली बघून भाकरीचं फडकं सोडतो, तिथवर एका भाकरीची वाट. पायथ्याचा ओढा दोन भाकऱ्यांवर, बाजार पाच भाकऱ्यांवर. या मापाने गावात कोणाचं काही अडलं नव्हतं.

त्या गावी राजाने एक तरुण मोजणीदार धाडला. त्याच्याकडे हाताहातावर गाठ मारलेला लांब दोर होता.

"भाकरी कोणाची धरायची? पोराची की पैलवानाची?" तो पारावर विचारी.

"आणि हात कोणाचा धरायचा? तुमचा तर काडीएवढा आहे," लोक म्हणत आणि हसत. तो लालबुंद होऊन दोर गुंडाळी. हे लोक कधी सुधारायचे नाहीत, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी तो कड्यावर खुंट्या ठोकत होता. खाली ओढ्याकाठी धूर दिसला. डोंगरउतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं, आणि वारा दरीतून वर येत होता. दोर तिथेच टाकून तो धावत सुटला.

"वणवा लागलाय. ओढ्याजवळ," तो चावडीपुढे धापा टाकत म्हणाला.

पाटलांनी डोळ्यांवर हात धरून धूर पाहिला. "ओढा म्हणजे दोन भाकऱ्या. वर यायला संध्याकाळ होईल. आधी पेवातले दाणे वर काढा. मग गुरं सोडू. मग बायापोरं वरच्या उघड्या कातळावर जातील, तिथे गवत नाही."

"तेवढा वेळ नाही, पाटील. ओढा इथून दोन हजार हात आहे."

"दोन हजार म्हणजे लांबच की," कोणीतरी म्हणालं आणि दाणे काढायला पेवात उतरलं.

"दोन हजार हात. फक्त दोन हजार," तो ओरडला. पण आकडा मोठ्याने सांगितला म्हणून जवळ येत नाही. माणसं पोती शोधत राहिली.

डोईवर घागर घेतलेली एक म्हातारी त्याच्यापुढे थांबली. "लेका, तुझे हात मला दिसत नाहीत. माझ्या विहिरीएवढं करून सांग."

इतक्या वर्षांची विद्या आता घागरीत ओतायची? त्याच्या कपाळावर आठी आली. तेवढ्यात जळक्या गवताचा वास आला. त्याने डोळे मिटले. म्हातारीच्या दारापासून विहिरीपर्यंत त्याने कालच दोर ताणला होता. दोनशे हात.

"तुझ्या घरून विहिरीला जाऊन-येऊन पाच खेपा," तो म्हणाला. "ओढा तेवढाच लांब आहे."

"पाच?" म्हातारीने घागर खाली ठेवली. "पाच खेपा तर माझ्या न्याहारीआधी होतात. पाटील, ऐकलंत का?"

पाटील वळले. "मग आम्हाला दोन भाकऱ्या कशा लागतात?"

"तुम्ही डोईवर ओझं घेऊन, कड्याला वळसा घालून चढता. वणवा वळसा घालत नाही. तो गवतातून सरळ येतो आणि चढावर पळतो."

पाटलांनी पेवाच्या तोंडाकडे पाहिलं. आत दोन वर्षांची नाचणी होती.

"दाणे राहू द्या," ते म्हणाले. "वर या. सगळे कातळावर चला."

मग गाव पळालं. गुरांची दावी विळ्याने कापली. म्हातारीने शेजारच्या बाळंतिणीचं मूल पोटाशी धरलं. मोजणीदाराने एका पांगळ्या आजोबांना पाठीवर घेतलं. मागची माणसं उघड्या कातळावर पाय ठेवत होती, तेव्हा पहिल्या छपरावर ठिणगी पडली.

पाटलांनी माणसं मोजली. एक कमी भरला. पुन्हा मोजली. एक कमीच. मग धुरातून खोकत एक जण आला, पेवात सगळ्यांत आधी उतरलेला. खांद्यावर वासरू होतं.

दिवस कलला तेव्हा खाली छपरं उरली नव्हती.

"दाणे गेले," कोणीतरी म्हणालं.

"खाणारी तोंडं आहेत ना," म्हातारी म्हणाली आणि मूल आईकडे दिलं.

पाटील मोजणीदाराजवळ आले. "शेजारचं गाव किती लांब आहे हो? आज आसऱ्याला तिथेच जावं लागेल."

आकडा त्याच्या जिभेवर तयार होता. त्याने तो गिळला. बाळंतीण दगडाला टेकून बसली होती, म्हातारी गुडघे चोळत होती.

"आधी सांगा, पाटील," तो म्हणाला, "चालायचं कोणाकोणाला आहे?"

तात्पर्य: चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे उभं राहत नाही, ते अंतर कितीही बिनचूक मोजलं तरी सांगितल्यासारखं होत नाही.